बाकाची तक्रार

पूर्वी आमच्या गल्लीत भांडण तोंडावर व्हायचं. आवाज चढायचे, एकमेकांची उणीदुणी निघायची, आणि संध्याकाळी तेच दोघं माझ्या दुकानापुढच्या बाकावर चहा पीत बसायचे. नगरपालिकेनं मोबाइलवर तक्रारपेटी काढली आणि सगळं बिघडलं. आता तोंडं गोड आणि बोटं चालू. तक्रार करणाऱ्याचं नाव दिसत नाही, मग काय, प्रत्येकाचा प्रत्येकावर डोळा.

मी पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. दुकान खाली, घर वर. पहिली तक्रार आली बाकाची: रस्त्यात अडथळा. पालिकेची माणसं आली आणि बाक गाडीत टाकून घेऊन गेली. मग दुसरी आली: दुकानाचा पत्रा पुढे आलाय. मी निमूटपणे पत्रा कापून घेतला. नोटिशीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की तिसऱ्या तक्रारीला परवाना रद्द. म्हणजे दुकानाला टाळं आणि मी आणि आई रस्त्यावर.

माझा संशय समोरच्या लॉन्ड्रीवाल्यावर. नवा मोबाइल घेतल्यापासून सारखा हातात धरून उभा असायचा. त्यात हल्ली जरा जास्तच गोड बोलायला लागला होता.

"काय रे, पत्रा का कापलास?" त्यानं एकदा विचारलं.

"तुला माहीत नाही होय?" मी म्हटलं.

त्यानं मान मोबाइलमध्ये घातली. चोराच्या मनात चांदणं, मी मनात म्हटलं. त्याच्याकडे कपडे टाकणं बंद केलं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो की हा कपडे जाळतो. ते खोटं नव्हतं, माझ्या निळ्या शर्टाच्या बाहीवर त्यानंच इस्त्रीचा डाग पाडला होता. पण इतकी वर्षं मी ते हसण्यावारी नेलं होतं.

शेवटी पालिकेत गेलो. सगळ्या खिडक्या बंद, एका टेबलामागे एक बाई.

"नाव आम्हालाही दिसत नाही," ती म्हणाली. "फोटो बघायचा तर बघा."

तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. फोटो वरून काढलेला. पत्रा, रस्ता, आणि कोपऱ्यात दोरीवर वाळणारी एक निळी बाही. बाहीवर इस्त्रीचा तांबूस डाग.

माझा शर्ट. माझी दोरी. माझी खिडकी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तसाच घरी येऊन जिना चढलो.

आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. गुडघे गेल्यापासून तिला जिना उतरता येत नाही. पूर्वी पाणी गेलं, दिवे गेले की ती वरून मला हाका मारायची. गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही म्हणून मीच तिच्या मोबाइलवर ती तक्रारपेटी चालू करून दिली होती. म्हटलं होतं, "मला हाका मारू नकोस, यात सांगत जा."

"आई, बाकाची तक्रार तू केलीस?"

"केली," ती शांतपणे म्हणाली. "आधी बाकावरची माणसं वर बघून चार शब्द बोलायची. आता सगळे माना खाली घालून मोबाइलमध्ये. आणि त्या पत्र्याखाली तू दिसायचा नाहीस."

"अगं, पण अडथळा म्हणून?"

"ते विचारतं ना, अडचण काय म्हणून. पाणी, कचरा, दिवे, अडथळा. माझी अडचण त्यात नव्हतीच. अडथळा त्यातल्या त्यात जवळचा वाटला."

मला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. पत्र्याच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आपण समाधानी आहात का? 'नाही' म्हटल्यास नवी तक्रार नोंदवली जाईल.

तिचं बोट 'नाही'कडे निघालं.

"आई, थांब. दुकान जाईल."

"मग खोटं सांगू? पत्रा गेला, तू दिसतोस. पण तूही कुठे वर बघतोस?"

मी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि 'हो' दाबलं.

"काय दाबलंस?"

"हो."

"माझ्या वतीनं?"

मी मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला आणि जिना उतरलो. लॉन्ड्रीवाला दारात उभा होता. माझ्याकडे पाहून त्यानं मान फिरवली. बाकाच्या जागी उभा राहून मी वर बघितलं.

आईनं खिडकी लावून घेतली होती.