नगालीच्या कवचातले गोल भोक

मित्रांनो, बोटभर लांबीचे, दगडासारखे कठीण असे मी एक जुने कवच आहे. सॉलोमन बेटांतल्या एका डोंगरमाथ्यावर, नगालीच्या उंच झाडावर मी वाढले. माझ्या पोटात तेलकट, गोड गर होता. मला फोडायला माणसांना दोन दगड लागतात. एका रानउंदराने मात्र मला नुसत्या दातांनी उघडले.

तो क्षण मी विसरलेले नाही. फांदी वाकली. मांजराएवढे ते जनावर जवळ आले. पुढच्या पायांत त्याने मला अलगद फिरवले आणि कंपासने आखावे तसे भोक पाडले. एकही तडा गेला नाही! एवढी ताकद आणि एवढा हळुवारपणा एका ठिकाणी मी पुन्हा पाहिला नाही.

मी खाली शेवाळावर पडले. वेलेसी नावाच्या मुलीने मला टोपलीत टाकले. आमच्याकडे कवचे चुलीत जातात, छान पेटतात. पण तिने माझ्या भोकावर फुंकर घातली, मी वाजले, म्हणून वाचले. चाळीस वर्षे मी तिच्या गळ्यात आहे. आता गाव तिला बुबू म्हणजे आजी म्हणते.

एकदा त्या रानउंदराच्या शोधात राजधानीतून निल्मा नावाची संशोधक आली. तीन महिने तिने रानात खाली बुंध्यांना कॅमेरे बांधून ठेवले. त्यांत आले ते नेहमीचे घरउंदीर.

"बुबू, मला 'नामशेष' असं लिहावं लागेल," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मग वरचं रान तोडायला कुणी अडवणार नाही."

"लिही की!" बुबूचा भाऊ लोटू फणकारला. "म्हातारे थापा मारतात, असंही लिही. तो शेंड्यावर राहतो. तुला भेटायला खाली येणारे का?"

"काका, शेंडे हजार आहेत. कोणत्यावर चढू?"

बुबूने शेजाऱ्यांना जेवायला बोलवायला मला वाजवले. निल्माची नजर माझ्यावर खिळली.

"हे भोक कुणी पाडलं?"

"त्यानंच. आम्हाला कुठं इतकं नीट जमतंय?"

"अशी आणखी आहेत?"

दोन्ही भावंडे चुलीकडे पाहू लागली.

"होती," लोटू पुटपुटला. "रोज जाळतो आम्ही."

तिघांनी सरपणाचे पोते उपडे केले. माझी कड काळी पडलेली. माझ्यावरून आजचे काहीच सिद्ध होत नव्हते. अखेर त्या ढिगात तसेच गोल भोक असलेले एक कवच सापडले. त्याची कड पांढरी होती, आत गराचा ओला वास होता.

"परवाच वेचलंय," बुबू म्हणाली. "धबधब्यावरच्या झाडाखाली."

कॅमेरा बांधायला त्या झाडावर लोटू स्वतः चढला. "पडलो तर मलाही नामशेष लिही गं!" वरून त्याचा आवाज आला.

नवव्या दिवशी कॅमेऱ्यात तो दिसला. तांबूस केस, दोरखंडासारखी शेपूट आणि पुढच्या पायांत नगाली. लोटूने डोक्यावरची टोपी काढली.

निल्माने लिहिले, 'अतिसंकटग्रस्त'.

"म्हणजे चांगलं की वाईट?" बुबूने विचारले.

"वाईटच, बुबू. अगदी थोडे उरलेत. पण आहेत."

त्या 'आहेत'वर वरची तोड सध्या थांबली आहे. बुबू आता प्रत्येक कवच फिरवून बघते, मगच चुलीत सारते. जेवायला उशीर होतो आणि लोटू कुरकुरतो.

मित्रांनो, तुम्हीही काही आगीत टाकण्याआधी एकदा उलटून पाहा. आपण अजून जिवंत आहोत, असे कुणीतरी त्यावर दातांनी लिहून ठेवले असेल.