पडद्यामागून ऐकलेल्या टाळ्या

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाटकाचा. रंगमंचाच्या अगदी मागे, नटांच्या पाठीशी मी टांगलेला असायचो. माझ्यावर एक नदी आहे, पहाटेची, धुक्यातली. तिचा पलीकडचा काठ दिसतो न दिसतो.

मला दोन भावंडांनी घडवलं. ताई शिवणकाम करायची. तिने जाड सुती कापडाचे पट्टे असे जोडले की समोरून शिवण शोधून सापडू नये. तिचा धाकटा भाऊ रंगारी. त्याने मला खळ लावली, जमिनीवर अंथरलं आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन तो अनवाणी माझ्यावरून चालू लागला. त्याची पावलं जिथे जिथे गेली, तिथे तिथे पाणी आलं.

"ताई, बघ ना, पाणी हलतंय का?" तो विचारायचा.

"बरं आहे," ताई सुईत दोरा ओवत म्हणायची. "आधी पाय पूस. घरभर निळे ठसे उमटलेत."

आईवडील लवकर गेल्यामुळे ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या तोंडून 'बरं आहे'च्या पुढे शब्द कधी गेला नाही. पण एकदा तो बाहेर गेल्यावर ती माझ्या कडेला आली, वाकली आणि माझ्या पाण्याला तिने हळूच बोट लावलं. मग ते बोट डोळ्यांजवळ नेऊन, ओलं झालंय का, ते पाहिलं. रंग तर केव्हाच वाळला होता.

पहिल्या प्रयोगाची संध्याकाळ मला अजून आठवते. दर्शनी पडदा सरकला, माझ्यावर मंद उजेड पडला आणि सगळं प्रेक्षागृह श्वास रोखून थांबलं. कुणी अंग आक्रसून घेतलं, कुणी गळ्याचं बटण लावलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, मला गार लागतंय." आणि मग टाळ्यांचा पाऊस सुरू झाला.

नेमका त्याच वेळी नायक आत आला. टाळ्या आपल्याच, असं समजून तो कमरेत वाकला.

माझा रंगारी तेव्हा माझ्या मागे उभा होता. तिथून त्याला काय दिसणार? माझी पाठ, म्हणजे शिवणी आणि खळीचे डाग. टाळ्या ऐकून त्याने फटीतून डोकावलं, तर नायक वाकलेला. दोर ओढणाऱ्या काकांना तो हळूच म्हणाला, "काय वट आहे बघा! अजून तोंड उघडलं नाही, तोवर टाळ्या."

मी थरथरलो. काकांना वाटलं, वारा आला.

प्रत्येक प्रयोगाला हेच घडलं. लोक माझी नदी मनात घेऊन घरी गेले. मागच्या दाराशी येऊन 'ही काढली कुणी?' असं मात्र एकानेही विचारलं नाही. मॅनेजर म्हणायचे, "पडदा फाटला नाही ना? मग झालं तर." त्यानंतर रंगाऱ्याने एक जंगल रंगवलं. त्यातली सगळी पानं एकसारखी होती, जणू ती एकाच कंटाळ्यातून उगवली होती.

एके दुपारी तो ताईला म्हणाला, "मला नाही येत गं हे. उगीच तुझं कापड वाया घालवतोय."

ताईची सुई थांबली. तिने तोंड उघडलं, मिटलं आणि मग म्हणाली, "जेवून घे."

दुसऱ्या दिवसापासून तो फाटकं आणि कठडे रंगवू लागला.

मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. तिथल्या अंधारात माझ्या घड्यांमधून नदी वाहत राहायची. मी अर्धवट झोपेत तिचा आवाज ऐकायचो. कधी वाटायचं, धुक्यातून होडी येतेय. वर्षं अशीच वल्ह्यांच्या तालात निघून गेली. एक कोपरा उंदरांनी खाल्ला. त्यांच्यापुरतं तेही एक कौतुकच म्हणायचं!

पुढे नाट्यगृहाची डागडुजी निघाली. जिन्याचे कठडे रंगवायला एक पिकल्या केसांचा माणूस आला. तो माझा रंगारी होता! ताई त्याचा डबा घेऊन आली होती. कामगारांनी अडगळ खाली काढली आणि ठेवायचं काय, फेकायचं काय, हे बघायला मलाही टांगलं.

रिकाम्या खुर्च्यांमध्ये ताई खिळल्यासारखी उभी राहिली. मग तिने हाक मारली, "अरे, इकडे ये."

"हात भरलेत माझे."

"असू देत. ये."

तो आला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने मला समोरून, प्रेक्षकांच्या जागेवरून पाहिलं.

"पहिल्या प्रयोगाला मी इथेच बसले होते," ताई म्हणाली. "टाळ्या पडल्या, तेव्हा तो नट आलाच नव्हता. या नदीला होत्या त्या. तुला होत्या."

तो नदीकडे बघत दोन पावलं पुढे गेला. मग म्हणाला, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

"वाटलं, तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि पडलास, तर उचलायला आपल्याला आहे कोण?"

"एकदा चढू तरी द्यायचंस गं, ताई."

ताईने त्याचा रंगाने भरलेला हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

मी आता त्यांच्या घरी असतो. भिंत अपुरी पडते, म्हणून माझा निम्मा भाग खाली गुंडाळलेला असतो. तो पुन्हा चित्रं काढतो, लहान लहान. हात कापतो, रेघ हलते. तो काही मोठा चित्रकार झाला नाही, आणि आता होण्याइतकी वर्षंही उरलेली नाहीत. माझ्यानंतर त्याने जी चित्रं काढायची होती आणि काढलीच नाहीत, ती मला झोपेत दिसतात. किती सुंदर आहेत म्हणून सांगू!

म्हणून मित्रांनो, कुणी केलेलं काही मनाला भिडलं, तर त्या माणसाला शोधा. पडद्यामागे जावं लागलं तरी जा आणि त्याला सांगा. फुगवून नको, जेवढं आवडलं तेवढंच, पण त्याच दिवशी.

आत्ता खिडकीशी तो एक टेकडी रंगवतोय. ताई चष्मा सावरत त्याच्या मागे येऊन उभी राहिली आहे.

"थांब," ती म्हणते, "हात काढ जरा. मला बघू दे."