गडझुंजीचा अर्धा साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. पण या वाक्यात लगेच एक दुरुस्ती करावी लागते. मी अर्धा साचा आहे. शाळेच्या पाटीच्या निम्म्या आकाराचा, दोन बोटे जाडीचा ॲल्युमिनियमचा एक ठोकळा. माझ्या अंगात सात गडी कोरलेले आहेत, पण फक्त समोरच्या बाजूने. चेहरे, छात्या आणि गुडघे माझ्याकडे. त्यांच्या पाठी माझ्या जोडीदाराकडे होत्या. तो आता नाही. तो कसा गेला, ते मी क्रमाने सांगतो.

माझा जन्म १९९१ च्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाला. मला कोरणारे शिवमूर्ती मूळचे गडहिंग्लजचे. फाउंड्र्यांना ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवणे हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांच्या गल्लीतली मुले दर दिवाळीला मातीचा किल्ला करायची आणि त्यावर मातीचे मावळे मांडायची. तुळशीचे लग्न झाले की किल्ला मोडायचा आणि मावळे खोक्यात जायचे. अण्णांना ते खटकले. पंधरा दिवस हे गडी एकमेकांकडे बघत उभे राहतात आणि कोणी त्यांना लढू देत नाही, असे ते म्हणत.

यातून त्यांनी एक खेळ बसवला. त्याचे नाव गडझुंज. टेबलावर जोडायचा लाकडी गड, एकवीस-एकवीस गड्यांच्या दोन फौजा, दोन फासे आणि चाल मोजायला एक दोरा. नियमांची वही सोळा पानांची. तिच्यातला पहिला नियम असा होता: ‘आडवा झालेला गडी मेला. कोणाचा हात लागला, पंखा जोरात होता का, यावर वाद नाही.’ मित्रांनो, हा नियम लक्षात ठेवा.

अण्णांनी मला महिनाभर छिन्नीने कोरले. शेवटच्या दिवशी छिन्नी घसरली आणि सात गड्यांचा जो म्होरक्या, त्या नाइकाची डावी मिशी आखूड राहिली. त्यांनी ती तशीच ठेवली. पुढे अस्सल गडझुंजीचा नाईक ओळखायची तीच खूण ठरली.

ओतकाम त्यांच्या पत्नी शांतव्वा करायच्या. आधी आम्हा दोघांना रॉकेलच्या चिमणीच्या ज्योतीवर धरून काजळी द्यायची, म्हणजे धातू चिकटत नाही. मग माझ्या अंगावरचे दोन खुंट जोडीदाराच्या दोन भोकांत बसवायचे, वरून क्लॅम्प आवळायचा आणि वितळलेले शिसे व कथील ओतायचे. त्यानंतर त्या कन्नडमध्ये वीसपर्यंत मोजत. ‘इप्पत्तु’ म्हटले की क्लॅम्प सुटायचा आणि आमच्यामधून सात गडी चकाकत बाहेर यायचे. तीन ओतण्यांत एक फौज पुरी व्हायची. ते मोजणे मी इतक्या वेळा ऐकले आहे की मला कन्नडमधले तेवढे वीस शब्द येतात.

१९९२ च्या दिवाळीत गडझुंजीची खोकी महाद्वार रोडच्या दुकानांत लागली. एस.टी.ने ती गडहिंग्लजला गेली, आजऱ्याला गेली. जोतिबाच्या डोंगरावरच्या दुकानांतही गुलालाच्या पुड्यांशेजारी ती मांडलेली असत. चार वर्षे आम्हा दोघांना उसंत नव्हती. मग दुकानांत प्लॅस्टिकचे सैनिक आले आणि मुलांच्या हातांत बटणांचे खेळ आले. शिवाय शिसे मुलांना चांगले नाही, असे लोक म्हणू लागले, आणि ते खोटे नव्हते. खोकी परत येऊ लागली. १९९७ मध्ये अण्णांनी ओतकाम थांबवले. कोणाला काही सांगितले नाही. आम्हाला तेल लावले, फडक्यात गुंडाळले आणि फळीवर ठेवले.

खेळ बंद झाला, पण खेळणारे बंद झाले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा-बारा जण अण्णांच्या कारखान्याच्या माळ्यावर जमू लागले. त्यांत दोघे मुख्य. एक बाळासो, लेथवर काम करणारा चाळिशीचा गडी. नियमांची वही त्याला तोंडपाठ होती. दुसरी क्रांती. कॉलेजात असताना तिने पहिले खोके घेतले होते. आता ती शाळेत शिकवत होती. या मंडळींनी फाटलेल्या वहीच्या झेरॉक्स काढल्या, मोडलेले भाले डाग देऊन जोडले. कोणाची फौज अपुरी पडली की शांतव्वांना सांगून आम्हाला फळीवरून उतरवायचे, काजळी द्यायची, ओतायचे. क्रांतीला कन्नड येत नव्हते, पण वीसपर्यंत तीही कन्नडमध्येच मोजायची. दुसऱ्या भाषेत मोजले तर गडी नीट निघत नाहीत, अशी तिची समजूत होती. खंडेनवमीला सगळी हत्यारे पुजायची, तेव्हा आमच्यावरही हळदकुंकू पडायचे. माझ्या आयुष्यातली ती खरी मानाची वर्षे. तेव्हा विकायला काही नव्हते; जे जमत ते खेळायला जमत.

२००१ मध्ये अण्णा गेले. दोन वर्षांत माळ्यावर बारांचे सात जण उरले.

क्रांतीने बोलून दाखवले की खेळ जगवायचा तर नवी मुले हवीत, आणि पाच तासांचा डाव शाळेतल्या मुलांना झेपत नाही. तिने दीड तासात संपणारे नवे नियम लिहून आणले. बाळासोने त्या पानांना हातसुद्धा लावला नाही.

“दीड तासात गड पडतोय व्हय? दीड तासात माझी आंघूळ हुईत न्हाय.”

“एवढी आंघोळ करूनही तुमच्या गड्यांना वास मारतोय, दादा.”

सगळे हसले. बाळासो हसला नाही. तो म्हणाला, “अण्णांनी लिवलंय ते लिवलंय. मास्तरीणबाईंनी शाळंतल्या वह्या तपासाव्यात, ही वही न्हाई.”

त्या दिवशी पहिल्यांदा डाव अर्धा टाकून लोक उठले. पुढच्या महिन्यात दोन वेगळ्या ठिकाणी दोन बैठका झाल्या. मग दोघेही एकेक करून शांतव्वांकडे आले आणि दोघांनीही एकच मागणी केली: साचा आमच्याकडे द्या. ज्याच्याकडे साचा, त्याच्याकडे नवे गडी. ज्याच्याकडे नवे गडी, त्याचाच खेळ पुढे चालणार, हे दोघांना पक्के ठाऊक होते.

शांतव्वांनी दोघांना एकाच दिवशी बोलावले. मे २००३ चा पहिला रविवार होता. त्यांच्या माहेरी शेताची वाटणी अशीच व्हायची: विहीर एकाच्या रानात, तिच्यावरचे इंजिन दुसऱ्याकडे, म्हणजे भावांचे बोलणे तुटत नाही. त्यांनी फडके सोडले आणि आम्हा दोघांना वेगवेगळे उचलले.

“ह्ये तुझं, क्रांती. आनि ह्ये तुझं, बाळासो. एकट्याच्या हातात ह्याचा काय उपेग न्हाय. गडी पायजे झाला की एकमेकाच्या दारात जावंच लागंल की.”

मी क्रांतीच्या पिशवीत गेलो. जोडीदार बाळासोच्या सायकलच्या कॅरिअरला बांधला गेला. शांतव्वांचा हेतू चांगला होता. हिशेबही बरोबर होता. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती: आधी कोण जाणार?

मित्रांनो, मी क्रांतीच्या घरी कपाटात दोन वर्षे होतो. या काळात तिने बाळासोच्या घरी जायचे निदान सहा वेळा ठरवले. एकदा तर मला पिशवीत घालून कोपऱ्यापर्यंत नेले. तिथून परत फिरली. “मीच का?” असे ती स्वतःशी म्हणाली. तिच्या शाळेतली नऊ मुले खेळायला तयार होती, पण एकही नवी फौज पुरी होत नव्हती. वाट बघून मुले मोठी झाली आणि क्रिकेटला गेली. दोन्ही वर्षी खंडेनवमीला तिने माझी एकट्याची पूजा केली.

पुढचे मी पाहिलेले नाही. बाळासोने नंतर सांगितले ते सांगतो. त्याचे घर पंचगंगेच्या बाजूला, शुक्रवार पेठेत. २००५ च्या पुरात तिथे छातीएवढे पाणी चढले. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. बाळासो कामावरच्या कारखान्यातल्या मशिनी वाचवायला गेला होता. घरी त्याच्या आईने, धोंडुबाईंनी, गाळातून जे निघेल ते अंगणात काढले. पोचे पडलेले डबे, परात, वाकलेली पत्र्याची पेटी आणि चिखलाने माखलेला एक ठोकळा. भंगारवाल्याची गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तो ढीग दाखवला.

यात धोंडुबाईंची चूक काढता येत नाही. जोडीदाराच्या अंगावर फक्त पाठी होत्या. चेहरे दिसले असते तर कोणीही थांबले असते आणि विचारले असते, हे काय आहे? नुसत्या पाठींवरून कळत नाही. शिवाय साचा पुरा असता तर तो फळीवर, तेल लावलेला, फडक्यात असता.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी बाळासो क्रांतीच्या दारात आला. तिने मला आधीच पाटावर ठेवले होते. त्याला बघून ती इतकी हरखली की “या” म्हणायचेही विसरली. माझ्या शेजारची जागा तिने हाताने पुसली.

“ठोकळा कुठाय, दादा?”

बाळासोचे हात मोकळे होते. तो उंबऱ्यावरच बसला आणि पुराचे सगळे सांगितले. भट्टीपर्यंत जाऊन आलो, म्हणाला. सगळा माल आधीच वितळला होता.

“आलो असतो गं आधीच. तू येशील म्हणून वाट बघत हुतो.”

“मी पण,” क्रांती म्हणाली.

दोघे मिळून शांतव्वांकडे गेले आणि मलाही नेले. त्यांनी सगळे ऐकले. माझ्यावरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाल्या, “मला वाटलं, दोघांस्नी दोन किल्ल्या दिल्या. मी दोन कुलपंच दिली की गं.”

त्यानंतरचे काही रविवार दोघांनी पुन्हा माळ्यावर काढले. बाळासोने जुन्या गड्यांवरून वाळूत साचा घेऊन पाहिला; चेहरे पुसट आले आणि भाला वाळूत उमटेचना. त्याने मशीनवर नवा पाठीचा ठोकळा कापला; माझे खुंट त्यात बरोबर बसेनात आणि फटीतून शिसे वाहिले. तो चांगला कारागीर आहे, पण अण्णांचा हात वेगळा होता. शेवटी माझ्यामागे नुसती सपाट पट्टी लावून त्यांनी ओतले. शांतव्वांनी चिमणी धरली. तिघांनी मिळून मोजले. “इप्पत्तु,” शांतव्वा म्हणाल्या आणि क्लॅम्प सोडला.

सात गडी निघाले. चेहरे लख्ख होते. नाइकाची डावी मिशी आखूड होती. क्रांतीने नाइकाला टेबलावर उभे केले. तो उताणा पडला. तिने पुन्हा उभे केले, तो पुन्हा पडला. मागून सपाट, पायाखालची बैठक अर्धीच. तो उभा राहणार कसा? ओतला तेव्हापासूनच तो आडवा होता, आणि पहिला नियम तुम्हाला ठाऊक आहे.

बाळासोने खिशातून काडेपेटी काढली आणि काडीचा तुकडा गड्याच्या पाठीला लावून बघितला.

“टेकू देऊ की मागनं.”

“टेकू दिलेला गडी चालतो, असं अण्णांच्या वहीत हाय व्हय?” क्रांतीने विचारले.

“नसंल. दुरुस्ती करू. तू लिव, मी सही करतो.”

वहीतला एक शब्दही बदलू न देणारा माणूस हे बोलत होता. क्रांतीने माळ्यावर नजर फिरवली. तिथे तिघांशिवाय कोणी नव्हते.

“कुणासाठी लिहू, दादा?” ती म्हणाली.

आता २००९ साल आहे. दोघांच्या हिशेबाने गडझुंजीच्या आठ फौजा शिल्लक आहेत. त्यांतल्या तीन अपुऱ्या. एखादा गडी सोफ्याखाली जातो, एखादा लहान भावंडाच्या हातून गटारीत पडतो. गेलेल्याच्या जागी नवा येत नाही. बाळासो आणि क्रांती अजून महिन्यातून एकदा खेळतात, कधी जुन्या नियमांनी, कधी नव्या. वाद होत नाही. वाद घालायला माणसे लागतात.

मी क्रांतीच्या शाळेत खडूंच्या कपाटात असतो. दिवाळीच्या सुट्टीआधी मुले मला बाहेर काढतात आणि माझ्या अंगात ओली माती दाबतात. मातीचे गडी निघतात, छान निघतात. तेही उभे राहत नाहीत. मुले त्यांना किल्ल्याच्या भिंतीला टेकवून ठेवतात आणि तुळशीचे लग्न झाले की किल्ल्याबरोबर त्यांचीही माती होते.

मित्रांनो, वस्तूला तेल लावा, फडक्यात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा, हे तुम्हाला सगळेच सांगतील. ते कराच. मला सांगायचे ते थोडे निराळे आहे. तुमचे कोणाशी भांडण झाले आणि वाटणी करायची वेळ आली, तर काय वाटता ते आधी नीट पाहा. काही वस्तू अर्ध्या केल्या की दोघांना अर्धी-अर्धी मिळत नाही, कोणालाच काही मिळत नाही. आणि तसे झालेच असेल, तुमच्या घरी एक अर्धे आणि दुसऱ्याच्या घरी दुसरे पडले असेल, तर आधी कोणी जायचे हे मोजत बसू नका.

आज संध्याकाळीच जा. नदीला वाट बघता येत नाही.