कुशाबाचं वाचन

आमच्या माण गावात पेपर विकत घेणारे कधीच फार नव्हते, ऐकणारे मात्र पुष्कळ होते. हे मी अधिकारानं सांगतो, कारण गावात पेपर टाकायचा धंदा माझाच. मी किशोर. सकाळी हिंजवडीहून गठ्ठा आणायचा, सोसायट्यांमध्ये वाटायचा आणि उरलेला एक अंक भैरूच्या हॉटेलात कुशाबा तात्यांच्या हातात ठेवायचा. त्या एका अंकावर निम्मी आळी निभावून न्यायची. एवढ्यांनी एकाच अंकात भागवलं तर माझा धंदा काय होणार, हे मला कळत होतं. पण तात्यांनी वाचायला सुरुवात केली की गाडी स्टँडला लावून मीही बाकावर टेकायचो, तेव्हा बोलणार कुणाला?

तात्या नुसते वाचत नसत. एक बातमी वाचून झाली की पेपर मांडीवर उपडा ठेवायचे आणि बाकावरच्या एकेकाकडे बघत राहायचे. कुणीतरी त्यावर निकाल दिल्याशिवाय पुढची बातमी नाही, हा तिथला कायदा होता.

"हिंजवडीतली वाहतूक कोंडी लवकरच सुटणार," तात्या वाचायचे. पेपर मांडीवर. सगळे गप्प.

मग कोंडाजी तोंड उघडायचा. कोंडाजी म्हणजे तात्यांच्या बरोबरीचा, लहानपणी एकाच झाडावरच्या कैऱ्या चोरलेला. "सुटंल की. समदी मानसं चालत जाया लागली म्हंजी सुटंल."

बातमी मंजूर व्हायची आणि तात्या पुढच्या बातमीवर जायचे. दुधाची किटली घेऊन आलेली गोजराबाई पायरीवर बसायची आणि पुढाऱ्यांच्या बातम्यांवरचा निकाल शक्यतो तीच द्यायची. तिचे निकाल इथं लिहिण्यासारखे नाहीत. कोण गेलं, कुणाचा दहावा, हे मात्र तात्या सगळ्यात शेवटी, सगळ्यांचा चहा संपल्यावर वाचायचे. माणूस चहा पिताना हळहळला की ना चहा धड लागतो ना हळहळ, असं त्यांचं म्हणणं.

तात्यांची जमीन आयटी पार्कात गेली. राहिल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या आणि भाड्यानं दिल्या. भाडेकरू सकाळी कंपनीच्या बसनं जातात ते अंधार पडल्यावर येतात. तात्यांची बायको वारली, मुलगा शंभू बाणेरच्या फ्लॅटात. म्हणजे भैरूच्या हॉटेलातला तो तासभर सोडला तर म्हाताऱ्याला दिवसभर माणूस म्हणून दिसायचा तो आरशातच. हे तात्या कधी बोलून दाखवायचे नाहीत. पण बातम्या संपत आल्या की छोट्या जाहिरातीसुद्धा ठसक्यात वाचायला लागायचे.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. तात्या वाचायला लागले की कुणीतरी मान वर न करताच म्हणायचं, "ह्ये काल सांच्यालाच आलंय, तात्या."

"आलं आसंल. खरं हाय का?"

"ग्रुपवर आलंय म्हंजी खरंच आसनार की."

यावर तात्या पेपर असा झटकायचे की भैरूच्या बशीतल्या माश्या उडायच्या. पण माश्या परत यायच्या, माणसं येईनात. गोजराबाईला नातवानं फोन घेऊन दिला, तशी ती दूध घालून परस्पर घरी जायला लागली. शेवटी बाकावर कोंडाजी राहिला, कारण त्याच्याकडे बटणांचाच फोन होता. आणि मी राहिलो, कारण गठ्ठा एवढा बारीक झाला होता की माझं काम लवकर आटपत होतं.

अशात तात्यांचा भाडेकरू मनीष एका रविवारी चहाला आला. पोरगा लातूरचा, कंपनीत कामाला, स्वभावानं चांगला. त्यानं तात्यांचं वाचन आणि कोंडाजीचे निकाल मोबाइलवर चित्रित केले आणि नेटवर टाकले. संध्याकाळपर्यंत ते कुठच्या कुठे गेलं. माझ्याच फोनवर ते तीन ग्रुपांवरून आलं, त्यातला एक माझ्या सासुरवाडीचा.

"आजोबा, हजारो लोकांनी तुम्हाला ऐकलं," मनीषनं सांगितलं.

"हजारो? आन बसली कुटं ही समदी?"

मनीष हसला. त्यानं समजावून सांगितलं, तात्यांनी मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी भैरूला दोन बाकं जादा टाकायला लावली. माणसं ऐकतात म्हणजे आज ना उद्या येऊन बसणार, अशी त्यांची समजूत झाली होती. आणि गंमत म्हणजे पहिले काही दिवस लोक आलेही. इस्त्रीचे कपडे घालून, केसांना तेल लावून आले. बातमी काय चालली आहे याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, मोबाइल कुणीकडे धरलाय तिकडे सगळ्यांची तोंडं. गोजराबाईसुद्धा ठेवणीतली नथ घालून पायरीवर बसली. तात्या असे खुलले की त्यांनी त्या आठवड्यात जाहिराती दोनदोनदा वाचल्या.

मग मनीषला अडचण दिसायला लागली. मागे स्टोव्हचा आवाज, कोंडाजीचा खोकला, आणि प्रत्येक बातमीनंतर तात्या एवढा वेळ गप्प बसतात की लोक पुढं सरकवतात. "आजोबा, लोकांना आता थांबायची सवय राहिली नाही," तो म्हणाला. त्यानं आधी ती थांबण्याची जागा कापली. मग कोंडाजीचं बोलणं कापलं. मग सगळा कारभारच तात्यांच्या माडीवर नेला, मागे निळा पडदा लावून. माणसांना मोबाइलात दिसायला मिळेना, तेव्हा ती परत आपापल्या घरी गेली. तात्या म्हणाले, "थोडं दीस जाऊंद्या, येतील." म्हाताऱ्याला लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि त्याला वाटत होतं आपण पारावर बसलोय.

एवढ्यात पेपरवाल्यांना जाग आली. ज्या पेपरचा अंक तात्या वाचायचे, त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातून जान्हवी मॅडम म्हणून डिजिटल विभागाच्या कुणी आल्या. शाल, नारळ, फोटो. 'छापील शब्दाचा शेवटचा शिलेदार' असा मथळा देऊन तात्यांवर अर्धं पान छापलं. भेट म्हणून टॅब दिला, त्यात वर्षभर ई-पेपर फुकट. त्याच महिन्यात मला त्याच ऑफिसातून फोन आला, की माणचा गठ्ठा पाठवणं आता परवडत नाही, सबब पुढच्या एक तारखेपासून बंद. मी विचारलं, मग तुमच्या शिलेदारानं काय वाचायचं? फोनवरचा माणूस म्हणाला, कोण शिलेदार? तो विभाग वेगळा आहे.

मी सांगायला गेलो तेव्हा तात्या शाल पांघरूनच बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आपला एक तरी आन की रं." मी म्हटलं, तात्या, एका अंकासाठी गाडीचं पेट्रोल कुठनं आणू? मी तेव्हा मोबाइलची कव्हरं विकायला लागलो होतो. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

टॅबवरची अक्षरं तात्यांना दिसेनात. बोट लावलं की पान पळायचं. तेव्हा कुठल्या बातम्या जास्त चालतात ते बघून मनीष तेवढ्याच निवडायचा, मोठ्या अक्षरांत समोर धरायचा आणि तात्या म्हणायचे. पण तात्यांच्या हातात पेपर नाही म्हटल्यावर बघणारे नाराज. खाली लिहायला लागले, आजोबा, पेपर धरा, त्याशिवाय मजा नाही. मग माळ्यावरच्या रद्दीतून एक अंक काढला. रोज तोच हातात धरायचा, रोज त्याच पानावर बघितल्यासारखं करायचं आणि समोरचं वाचायचं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. मी हे पाहत होतो आणि मला तात्यांचा राग येत होता. पण नुकतीच शाल मिळालेल्या माणसाला कोण काय सांगणार?

ते कोंडाजीनं सांगितलं. एके सकाळी तो काठी टेकत माडीवर आला, दारातच उभा राहिला. मीही टॅबला कव्हर बसवायला तिथं गेलो होतो. तात्यांचं वाचून झालं. मनीष छान झालं म्हणाला आणि ऑफिसला पळाला. कोंडाजीनं तात्यांच्या हातातला पेपर घेतला, डोळ्याजवळ नेला.

"कुशा, ह्यो तर दिवाळीतला हाय."

"व्हय. दावायला धरतोय."

"बरं, ते ऱ्हाऊंदे. मला सांग, आज काय झालं?"

तात्यांनी तोंड उघडलं. एका नटीचं लग्न, विमानात सापडलेला साप आणि लाटणं वापरून केलेला कसला तरी व्यायाम, एवढंच आत्ता वाचलं होतं. ते सांगायची त्यांना लाज वाटली असावी.

"तालुक्यात काय झालं, पाण्याचं काय झालं, कोन गेलं?" कोंडाजीनं विचारलं. तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं, कारण सांगणारा माडीवर जाऊन बसला होता.

"म्हाईत न्हाई," तात्या म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. चाळीस वर्षांत या माणसाच्या तोंडून मी हे ऐकलं नव्हतं. मी उगाच कव्हराचा कोपरा दाबत बसलो.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मनीषला समोरचं काही धरू दिलं नाही. रिकाम्या हातांनी बसले आणि म्हणाले, "आज पेपर आला न्हाई. लई दीस झालं येत न्हाई. मी जे वाचत हुतो ते वाचत नव्हतो. आज काय झालं ते मला म्हाईत न्हाई. उद्या सकाळी मी सोता हिंजवडीला जाऊन पेपर आननार हाय. भैरूच्या हाटेलात या. समक्ष बसू. मला एकट्याला वाचाया बरं वाटत न्हाई." आणि मग गप्प बसले, पूर्वीसारखे, समोर बघत. मनीषनं ते थांबणं कापलं नाही. भला पोरगा.

ते वाचन जेवढं पळालं तेवढं आधीचं एकही पळालं नव्हतं. लोकांनी बदाम पाठवले, रडकी तोंडं पाठवली. कुणी लिहिलं, काळजाला हात घातला आजोबा. जान्हवी मॅडमच्या विभागानं बातमी केली, 'माणच्या आजोबांच्या हाकेनं महाराष्ट्र हळहळला'. ती अर्थात ऑनलाइनच आली.

सकाळी तात्या पहिल्या बसनं जाऊन अंक घेऊन आले. बाकं पुसून घेतली, भैरूला मोठं पातेलं चढवायला सांगितलं. कोंडाजी आला, मी आलो. पेपर मांडीवर ठेवून तात्या रस्त्याकडे बघत बसले. कंपन्यांच्या बसगाड्या गेल्या. चहा आटला, भैरूनं पाणी घातलं, पुन्हा आटला. ओळखीची माणसं समोरून गेली, लांबूनच अंगठा दाखवून, "लई भारी, तात्या!" म्हणत. थांबलं कुणी नाही.

"येळ झाला आसंल येनाऱ्यांना," तात्या म्हणाले. तेवढ्यात रस्त्यापलीकडून त्यांचाच आवाज ऐकू आला. गोजराबाईच्या घरातून येत होता.

तात्या उठले. पेपर काखेत मारून रस्ता ओलांडला, मी मागोमाग. गोजराबाई ओसरीवर बसली होती, फोन तांब्याला टेकवून ठेवलेला, आणि पदरानं डोळे पुसत होती. फोनमधले तात्या सांगत होते, एकट्याला वाचाया बरं वाटत न्हाई.

"गोजराबाय," तात्यांनी पायरीखालून हाक मारली, "पेपर आनलाय. येतीस न्हवं ऐकाया?"

गोजराबाईनं फोनवरची नजर काढली नाही. त्यांच्याकडे नुसता हात हलवला.

"थांबा वो भावजी, जरा गप ऱ्हावा," ती म्हणाली, "ऐकू द्या."