उलट्या जॅकेटची साक्ष

मी एक राखाडी जॅकेट बोलतोय. सध्या मुक्काम न्यायालयाच्या तळघरातल्या मुद्देमालाच्या खोलीत, लोखंडी मांडणीच्या दुसऱ्या कप्प्यात. माझ्या एका बाजूला कुणाची तरी मोडकी छत्री आहे आणि दुसऱ्या बाजूला एक मिक्सर. त्याच्या भांड्याने म्हणे एका नवऱ्याचं डोकं फुटलं. मिक्सर फारसा बोलत नाही. मला मात्र बोलायचंय, कारण माझे दिवस थोडे उरलेत.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच दिवशी माझी सहाशे भावंडं शिवून झाली, सगळी राखाडी, सगळी एका मापाची. ज्या बाईने माझी चेन बसवली, तिची त्या दिवशी दाढ दुखत होती. अर्धं लक्ष दाढेत आणि अर्धं शिलाईत. त्यामुळे माझी चेन छातीच्या मध्यावर जरा तिरकी बसली. तपासणाऱ्याच्या ते नजरेत आलं नाही आणि मी दुकानात जाऊन लटकलो.

मला ताईने विकत घेतलं. तिचं कपडे दुरुस्त करून देण्याचं छोटं दुकान होतं, त्यामुळे तिला शिलाई कळायची. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि चेन तिरकी आहे म्हणून दुकानदाराशी हुज्जत घातली. घेतलं मात्र मलाच, कारण तिच्या धाकट्या भावाच्या मापाचं तेवढंच उरलं होतं.

त्या भावाला ती 'धाकट्या' म्हणूनच हाक मारायची. आईवडील गेल्यापासून त्याची आई तीच होती. सव्वीस वर्षांचा झाला तरी जेवलास का, हेल्मेट घेतलंस का, हे रोज विचारायची आणि तोही रोज वैतागायचा. तो बेकरीत कामाला होता. उजाडायच्या सुमारास मोटारसायकलवर ब्रेडचे क्रेट बांधायचा आणि दुकानोदुकानी पोचवायचा. थंडीत ते काम म्हणजे अंगावर काटा आणि नाकाला धार.

दुसऱ्या हिवाळ्यात माझी चेन अर्ध्यावर अडकली. खाली बंद, वर सताड उघडी.

"ताई, सगळा वारा छातीत शिरतोय."

"चेन बदलून देते. दोन दिवस दम धर."

"थंडी धरणारे का दम?" म्हणत त्याने मला काढलं आणि उलटं करून डोक्यातून घातलं. पाठ पुढे, चेन मागे. "हे बघ, एक छिद्र नाही की फट नाही."

"वेडा दिसतोयस."

"ब्रेडला काय कळतंय?"

ताई हसली. पण ती शिवणकाम करणारी बाई, तिला अर्धवट काम बघवत नाही. तिने माझ्या गळ्याशी दोन टिचबटणं लावली, म्हणजे मागून गळा उघडा पडायला नको. ती बटणं त्याला स्वतःच्या मानेमागे लावता येत नसत. मग रोज सकाळी निघताना तो दारात पाठ करून उभा राहायचा, ती म्हणायची, "मान खाली कर," आणि टक्-टक् करून बटणं लावून द्यायची. चेन बदलायची राहिली ती राहिलीच. दोघांनाही तीच सवय आवडू लागली होती, असं मला वाटतं.

वर्षभरात माझ्या बाह्या विरल्या. मला उलटं घातल्यामुळे त्याची कोपरं माझ्या बाह्यांच्या पुढच्या अंगाला घासायची. ताईने तिथे काळ्या कापडाची दोन ठिगळं लावली. मला सरळ घडी घातली की ती ठिगळं भलत्याच जागी दिसायची. आमच्या घरात त्याचं कुणाला नवल नव्हतं.

त्या सकाळी शेवटचे दोन क्रेट उरले होते. थोड्या वेळापूर्वी कुणीतरी एका औषधाच्या दुकानात सुरा दाखवून गल्ला पळवला होता. वर्णन असं होतं की राखाडी जॅकेट, काळं हेल्मेट, मोटारसायकल. एवढ्या वर्णनात त्या शहरातली निम्मी तरुण पोरं बसली असती. चौकात एका पोलीस अधिकाऱ्याने धाकट्याला हात केला. धाकट्याच्या गाडीचा परवाना संपून वीस दिवस झाले होते. ताई रोज आठवण करायची आणि तो रोज "उद्या" म्हणायचा. तो घाबरला. मला ते आतून कळलं, कारण त्याचं काळीज माझ्या पाठीखाली धडधडत होतं. त्याने गाडी तिथेच आडवी टाकली आणि गल्लीत धूम ठोकली. तेवढाच त्याचा गुन्हा.

"थांब!" अधिकारी ओरडला. पुन्हा एकदा ओरडला. मग गोळी सुटली.

ती माझ्या चेनेपासून दोन बोटांवर आत शिरली. तिथे त्याची पाठ होती. आणि माझ्या पाठीतून बाहेर पडली, तिथे त्याची छाती होती. तो आणखी दोन तास जगला. शल्यविशारदांनी त्याला वाचवायची पराकाष्ठा केली, पुढूनही कापलं, मागूनही कापलं. दुकान लुटणारा दुसराच होता, तो चार दिवसांनी सापडला.

रुग्णालयातून मी पिशवीत भरून पोलीस ठाण्यात आलो. तिथे एका शिपायाने मला टेबलावर पसरलं, चेन वर करून, आणि लिहिलं: 'जॅकेटच्या पुढील बाजूस, चेनेलगत, एक छिद्र. मागील बाजूस एक छिद्र.' त्याला मी दोष देत नाही. जॅकेट पसरायचं म्हटलं की माणूस चेन वरच करतो. त्याने पुढे असंही लिहिलं की 'दोन्ही बाह्यांवर पुढील बाजूस ठिगळे.' बाहीच्या पुढच्या बाजूला ठिगळ कशाला लावेल कुणी, हा प्रश्न त्याला पडला नाही, त्याच्या साहेबांना पडला नाही, पुढे दीड वर्ष कुणालाच पडला नाही.

प्रयोगशाळेने मला तपासलं. तिथल्या बाईंचं काम चोख होतं. धागे कोणत्या दिशेला वळलेत ते पाहून त्यांनी अहवाल दिला की गोळी जॅकेटच्या पुढच्या बाजूने शिरली. अक्षर न् अक्षर खरं होतं आणि त्याच खऱ्याने सगळा घोटाळा केला.

अधिकाऱ्यावर खुनाचा खटला उभा राहिला. मी न्यायालयात उघड्या दारासमोरच्या टेबलावर, पारदर्शक पिशवीत होतो, त्यामुळे आतलं-बाहेरचं सगळं पाहिलं. माणसांची एक गंमत तिथे कळली. आत दोन बाजू असतात, पण बाहेरच्या व्हरांड्यात बाक एकच आणि पंखाही एकच. ताई आणि त्या अधिकाऱ्याची बायको त्याच बाकाच्या दोन टोकांना बसायच्या. एकमेकींकडे बघायच्या नाहीत, पण पंखा बंद पडला की दोघी एकदमच वर बघायच्या.

अधिकाऱ्याचा जबाब असा होता: "तो वळला, माझ्या अंगावर आला, हात कमरेकडे गेला. स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडली." गल्लीत त्या वेळी तिसरं माणूस नव्हतं. शवविच्छेदन करणारे डॉक्टर म्हणाले की गोळी पाठीतून गेली असावी, पण शस्त्रक्रियेमुळे दोन्ही जखमांच्या कडा राहिल्या नाहीत, छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. मग बचावाचे वकील माझ्याकडे वळले.

"डॉक्टरांना खात्री नाही," ते म्हणाले. "पण जॅकेटला आहे. गोळी समोरून गेली. पळणाऱ्याच्या पाठीत नाही, चालून येणाऱ्याच्या छातीत."

मला ओरडायचं होतं. दीड वर्ष मी गप्प पडून होतो आणि पहिल्यांदा माझ्या नावाने कुणी बोललं तर ते खोटं. सरकारी वकिलांचा चेहरा पडला.

ताई मागच्या रांगेत बसली होती. तिने मला रुग्णालयानंतर प्रथमच पाहिलं. तिची नजर आधी छिद्रावर गेली, तिथून झटकन निघाली आणि बाह्यांवर थांबली. दुपारच्या सुट्टीत ती सरकारी वकिलांच्या मागे व्हरांड्यात धावली.

"साहेब, ते जॅकेट तुम्ही उलटं बघताय."

"म्हणजे?"

"तो उलटं घालायचा. चेन मागे. ठिगळं मी लावलीत, ती बघा ना कुठे आहेत."

वकिलांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी ताई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होती. बचावाचे वकील म्हणाले, ही गोष्ट बाईंना दीड वर्षाने बरी आठवली. ताई म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही. आमच्या घरात ते सरळच होतं."

न्यायाधीश बाईंनी न्यायालयाच्या शिपायाला मला घालायला सांगितलं. शिपाई अंगापिंडाने आडवा, मी जेमतेम बसलो. आधी सरळ घातलं, तर ठिगळं कोपराच्या आतल्या घडीत आली, जिथे कधी काही घासत नाही. मग उलटं घातलं. ठिगळं बरोब्बर कोपरांवर बसली. छिद्र पाठीच्या मधोमध आलं.  शिपाई पुटपुटला, "गळ्याची बटणं लावा कुणीतरी." कुणी पुढे आलं नाही. ताईने डोळ्यांना पदर लावला.

मला वाटलं, सुटलो. पण वकील लोक सहजासहजी हात टेकत नाहीत. दोन दिवसांनी बचावाच्या वकिलांनी वाराच फिरवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "जॅकेट उलटं होतं. मग माझ्या अशिलाने काय पाहिलं? काळं हेल्मेट, चेहरा दिसत नाही. आणि समोर चेन. चेन दिसली की माणूस आपल्याकडे तोंड करून आहे, असंच कुणीही समजेल. त्यांचा गैरसमज झाला. तो गैरसमज त्या जॅकेटने केला."

आता आरोपी मी होतो. आणि माझ्याबरोबर ताई.  रोज सकाळी दारात उभं राहून मला त्याच्या अंगावर बसवणारी तीच ना? ती त्या दिवशी व्हरांड्यात बाकावर बसलीच नाही. जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाक सोडून तिथवर गेली ती अधिकाऱ्याची बायको. तिने पाण्याची बाटली पुढे केली. ताईने ती घेतली, एक घोट प्यायली आणि परत दिली.

अधिकाऱ्याची उलटतपासणी सुरू झाली. तो काही राक्षस नव्हता. वीस वर्षं नोकरी झालेला, शर्टाच्या बाह्या नीट दुमडणारा माणूस. सरकारी वकिलांनी आवाज चढवला नाही.

"पहिल्यांदा 'थांब' म्हणालात, तेव्हा तो किती लांब होता?"

"आठ-दहा पावलं."

"दुसऱ्यांदा?"

"वीस असेल."

"आणि गोळी झाडली तेव्हा? मोजमाप कागदावर आहे, तरी तुमच्या तोंडून हवंय."

"एकतीस."

"चेन दिसली म्हणून तुम्हाला वाटलं, त्याचं तोंड तुमच्याकडे आहे."

"हो."

"म्हणजे तोंड तुमच्याकडे करून तो एकवीस-बावीस पावलं उलटा पळत गेला?"

 अधिकाऱ्याने समोरच्या टेबलाकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. इतक्या दिवसांत त्याने मला एकदाही नजर दिली नव्हती.

"जॅकेट सोडा," वकील म्हणाले. "चेन सोडा. तुमच्या डोळ्यांपुढे तो जवळ येत होता की लांब जात होता?"

बचावाचे वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीश बाईंनी हातानेच त्यांना बसवलं.  अधिकाऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"लांब जात होता," तो म्हणाला. "लहान लहान होत चालला होता. हातातून जाईल असं वाटलं."

त्याच्या बायकोने मान खाली घातली. ताई मात्र त्या वेळी आत नव्हती. जिन्याखालून ती वर आलीच नाही. निकालाच्या दिवशीही आली नाही. कुणी म्हणालं, तिने दुकानही बंद ठेवलंय.

न्यायालयाने त्याला खुनासाठी दोषी धरलं. पुढे वरच्या न्यायालयातही तोच निकाल टिकला. मग हुकूम निघाला की मुद्देमाल मृताच्या वारसाला परत द्यावा. इथल्या कारकुनाने ताईला दोनदा पत्र पाठवलं. ती आली नाही. तिसरं पत्र गेलंय आणि या महिन्याअखेर कुणी न्यायला आलं नाही, तर नियमाप्रमाणे माझा निकाल मागच्या अंगणातल्या भट्टीत लागेल. कारकून भला माणूस आहे. तो रोज कप्प्याजवळ थांबतो आणि म्हणतो, "येतील हो तुमच्या बाई."

मला भट्टीची भीती वाटत नाही. जॅकेटचं आयुष्य ते किती, त्यातली दोन वर्षं मी एका माणसाला ऊब दिली, पुरे झालं. पण एक गोष्ट ताईच्या कानावर गेली नाही, याचा माझ्या जिवाला चटका लागून राहिलाय. ती न ऐकताच निघून गेली आणि अजून समजते आहे की गोळीला वाट तिने दाखवली.

ताई, ये. मला बघवत नसेल तर नको बघूस, घेऊन नाही गेलीस तरी चालेल. पण माझ्या पिशवीला निकालाची प्रत टाचलेली आहे, तेवढी काढून घे. त्रेचाळिसाव्या पानावर न्यायाधीश बाईंनी लिहिलंय की जॅकेट सरळ असतं काय आणि उलटं असतं काय, पळणारा माणूस लांब जात होता आणि झाडणाऱ्याला ते दिसत होतं. कारकुनाकडे चष्मा आहे, हवं तर तो वाचून दाखवेल.