खळग्याचा दगड

"छिन्नी लावलीत तर बघा!" असं म्हणत थोरली दगडावर जाऊन बसलीच.

गवंडीमामांनी हातोडी खाली ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला. "झालं! आता दगडाच्या आधी हिला उचलायचं."

पडक्या गोठ्याचे दगड काढून नवं स्वयंपाकघर बांधायचं चाललं होतं. आखणी आबांची, पण आबा तीन महिन्यांपूर्वी गेले. त्यांचं काम पुरं करायला ही त्यांची थोरली लेक माहेरी आली होती. आठवडाभर ती दगडांवरची जुनी माती खरवडत होती. मामा एकेका दगडावर हातोडीने टिचकी मारून कान द्यायचे. खणकन वाजला की भिंतीत, बद्द वाजला की भरावात.

"माणूसही असा वाजवून बघता आला असता," ते म्हणायचे, "तर तुझ्या बापाशी चाळीस वर्षं दोस्ती केली नसती." मग पुढच्या दगडावरची त्यांची टिचकी जरा हळूच पडायची.

आज भांडण नव्या स्वयंपाकघराच्या पायरीसाठी काढलेल्या दगडावरून होतं. लांब, सपाट, खणखणीत दगड. फक्त एका टोकाला विळा घासून घासून पडलेला ओंजळीएवढा खळगा.

"त्यात पाणी साचेल, शेवाळ धरेल. तुझी आई घसरली म्हणजे? छिन्नी नको, तर पालथा घालतो."

"नाही. तो वरच दिसला पाहिजे. आबांच्या हातचा आहे तो. रोज सकाळी विळ्याला धार लावायला इथेच बसायचे."

"बसायचा, हे खरं. बसण्यात त्याचा हात कोणी धरला नाही."

आवाज ऐकून आई बाहेर आली. तीन महिने ती कामापुरतंच बोलत होती. तिने वाकून खळग्यात अंगठा फिरवला आणि एकदम पदर तोंडाला लावला. थोरली दचकली. पण आई हसत होती.

"अगं वेडे, ह्यांना कुठली धार लावता यायची? बोट तेवढं कापून घेतलं असतं. घासायचे मी. हे समोर बसून सांगायचे, इकडून घास, तिकडून घास."

थोरलीला आबांचा तो आवाज लख्ख आठवत होता. त्याच्या मागे बांगड्या वाजत होत्या, हे मात्र आज ऐकू आलं.

"म्हणजे आबाचं त्यात काही नाही," मामांनी छिन्नी उचलली. "लावू?"

"आता तर बोटही लावायचं नाही!"

मामा दिवसभर पुटपुटत राहिले. पण त्यांनी आखणीतलं दार हातभर सरकवलं आणि खळगा बरोबर कडेला घेतला, कुणाचा पाय पडणार नाही असा.

भिंती उभ्या राहिल्या त्या सकाळी आई विळा घेऊन पायरीवर बसली. खळग्यात पाणी शिंपडलं, चार वेळा विळा घासला आणि थांबली. नजर समोरच्या मोकळ्या जागेवर.

थोरली तिथे जाऊन बसली.

"तिकडून घास," ती म्हणाली.

"बापावर गेलीस," आई म्हणाली, आणि तिकडून घासू लागली.