तक्रार नाही जी

श्वेता सिस्टर त्या सकाळी हवेतच होती. असणारच! नागपुरात हुडकेश्वरकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात गरोदर बायांकडून समाधानाचे फॉर्म भरून घ्यायचं काम तिच्याकडे होतं, आणि महिनाभरात सगळ्याच जणींनी एकच उत्तर दिलं होतं: तक्रार नाही. शंभर पुरे व्हायला आता थोडेच फॉर्म उरले होते. दुपारी तपासणीवाले येणार होते, त्यांच्यापुढे शंभरच्या शंभर ठेवायचे आणि वाहवा घ्यायची!

खरं सांगायचं तर त्या दिवशी गर्दीनं दवाखान्याचा बोजवारा उडवला होता. म्हणून श्वेतानं एक युक्ती काढली. बाकावर फॉर्म भरून घेतानाच विचारायचं, "काही तक्रार?" हो म्हणेल तिचं बीपी बघायचं, नाही म्हणेल तिचं नुसतं वजन, लोहाच्या गोळ्या आणि चल घरी. रांग कशी भराभर सरकत होती! स्वतःच्या डोक्यावर ती जाम खूष होती.

शंभरावी आली हर्षा. पहिलटकरीण, आठवा महिना, सोबत सासू प्रयागबाई.

"काही तक्रार?"

"नाही जी," हर्षा हसून म्हणाली.

"झाली सेंचुरी!" श्वेता ओरडलीच. "घे, इथं सही कर."

हर्षानं पेन घेतलं आणि कागद सोडून टेबलावरच सही करायला लागली.

"अवं, कागद इकडे आहे! डोळे घरी ठेवून आली का?"

"दोन-दोन दिसून राहिले जी कागद. डोकं ठणकून राहिलं न कालपासून."

श्वेताचं हसू जागच्या जागी विरलं. "मग मघा तक्रार नाही काहून म्हणाली तू?"

हर्षा बावरून सासूकडे बघू लागली. प्रयागबाईच पुढे सरसावल्या. "काहून करन थे तक्रार? तुमी इतक्या मायेनं बोलता, पंख्याखाली बसवता. डोकं दुखते ह्याच्यात तुमची काय चूक? आमच्या घरची सून कोणाची चुगली नाही करत, सिस्टर!"

अरे देवा! आपण विचारत होतो दुखणं, आणि ह्यांच्या कानी पडत होती चुगली. श्वेतानं हर्षाच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. एकशे सत्तर, एकशे दहा. पायावर अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहिला.

"नूपुर मॅडम!"

डॉक्टर नूपुर ताटावरून उठल्यासारख्या धावत आल्या. झटके आले तर बाळ-बाळंतीण दोघंही हातची जातील, हे तिथं कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. इंजेक्शन दिलं, एकशे आठला फोन लावला. गाडी आली तसं तपासणीवाल्यांना वाऱ्यावर सोडून श्वेता स्वतःच आत चढली.

मेडिकल कॉलेजच्या मोठ्या दवाखान्याच्या वाटेवर हर्षानं तिचा हात घट्ट धरला. "सिस्टर, माझ्यानं तुमचं नाव खराब होईन का?"

"होऊ दे वं! बोंबलून सांग साऱ्या गावाले! फक्त डोळे मिटू नको."

तिला दाखल करून श्वेता परतली ती नुसती येरझाऱ्या घालत राहिली. सहाच्या सुमारास प्रयागबाईंचा फोन आला. "नात झाली वं सिस्टर! दोन किलोची! काचेच्या पेटीत ठेवली, पण रडून राहिली भल्ली! हर्षाबी शुद्धीत आहे!"

श्वेतानं आनंदानं किंचाळून नूपुर मॅडमना मिठीच मारली. मॅडमही हसत होत्या, रडत होत्या. "बरं झालं बाई, तिनं तुला सांगितलं."

तिनं सांगितलं. आणि बाकीच्यांनी?

श्वेतानं झटकन रजिस्टर ओढलं. आज बीपी न बघता घरी पाठवलेल्या तेवीस जणी होत्या. तिनं पहिलाच नंबर लावला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "डोकं दुखते का वं?"



"हाव जी," पलीकडून एक दबका आवाज आला. "पण तुमाले कोणं सांगतलं?"